चुन्याचा पहिला हात

नोलन शेरामीचं आमच्या पेती शेनमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. लुईझियानाच्या अगदी खालच्या टोकाला, खाडीकाठचं गाव. घरटी एक बोट, कोळंबी धरणाऱ्यांकडे दोन, त्यामुळे त्याला रिकामं बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी मात्र दुकानाला कुलूप असतं. तेव्हा तो गणवेश घालून गार्डच्या कवायतीला जातो. गार्ड म्हणजे राज्याचं राखीव सैन्य. कॉलेजची फी भरतात म्हणून पोरवयात नाव घातलं. कॉलेज बारगळलं, गार्ड राहिलं, आणि आता तो सार्जंट आहे. मध्ये एकदा वर्षभर वाळवंटातल्या लढाईवर जाऊन आला. तिथलं काही सांग म्हटलं तर म्हणाला होता, "धूळ फार होती, मिस सुधा." तेवढंच.

इंजिनांबरोबर आणखी एक काम त्याच्याकडे आपोआप आलेलं होतं. बोटीच्या नाकाडावर सरकारी नंबर घालावा लागतो, आणि गावातल्या जवळजवळ सगळ्या बोटींचे नंबर नोलनच्या हातचे आहेत. आखणी वगैरे काही नाही. कुंचला घ्यायचा आणि लिहून टाकायचं. माणूस डावखुरा. त्याचं शून्य खालून सुरू होतं, उलट्या अंगाने वर चढतं आणि माथ्यावर बोटभर उघडंच राहतं. त्यावरून गाव त्याची चेष्टा करायचं, सगळ्यांत जास्त एल्डा.

"पोरा, ते शून्य मिटव. फटीतून पाणी शिरेल बोटीत."

"नेनेन, फट वर आहे. वरून येतो तो पाऊस."

"पावसानेच बुडतात बोटी. मिटव म्हणते ना."

तो हसायचा आणि मिटवायचा नाही.

एल्डा त्याची नेनेन. बाप्तिस्म्याच्या वेळी जिच्या हातात मूल देतात ती नेनेन. त्या दिवसापासून ते मूल थोडं तिचंही होतं. शिवाय ती त्याची सख्खी मावशी. नोलन शाळेत असतानाच त्याची आई गेली, तेव्हापासून तो जेवायला एल्डाकडेच असायचा. तिचा स्वतःचा मुलगा क्लोव्हिस त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. दोघं एका ताटात वाढले म्हटलं तरी चालेल. म्हातारी जाडजूड, खांबांवर उभ्या असलेल्या घराच्या पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी पाजणारी. कॉफी अशी की चमचा उभा राहील. कानाला कमी ऐकू यायचं, पण कानातलं यंत्र बशीत काढून ठेवायची. म्हणायची, बॅटरी संपते, आणि ऐकण्यासारखं कोण बोलतंय इथे.

आमच्या गावात नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सगळ्या संतांच्या सणाला, थडग्यांना चुना लावतात. इथे जमीन दलदलीची, म्हणून थडगी जमिनीवर सिमेंटने बांधलेली असतात, लहान खोलीसारखी. सणाच्या आधी ती घासायची, चुना लावायचा, आणि शेवंतीच्या कुंड्या ठेवायच्या. जे माणूस त्या वर्षात गेलं असेल त्याच्या थडग्याला चुन्याचा पहिला हात त्याने बाप्तिस्म्याला धरलेल्या मुलाने द्यायचा. मग घरच्यांनी. पहिला हात पडल्याशिवाय घरची माणसं कुंचल्याला शिवत नाहीत. असं का, ते मला कुणी सांगू शकलं नाही. आहे म्हणून आहे.

एल्डाने हे नोलनला किती वेळा बजावलं असेल. माझ्यासमोरच एकदा म्हणाली होती, "माझ्या थडग्याला पहिला हात तुझा. या क्लोव्हिसच्या हातात बादलीसुद्धा देऊ नकोस. चुन्यात पाणी जास्त घालतो."

"ममा, मी इथेच बसलोय," क्लोव्हिस म्हणाला.

"म्हणून तर बोलतेय. मागे बोलायची मला सवय नाही."

गेल्या ऑगस्टात वादळ आलं. त्याला नाव होतं, पण इथे कुणी ते घेत नाही. गार्डला आधीच बोलावणं गेलं होतं, आणि नोलन वरच्या शहरातल्या तळावर गेला. जाण्याआधी एल्डाला फोन केला. ती म्हणाली, "जातेय रे. लिरेटांच्या गाडीतून." लिरेट म्हणजे तिच्या शेजारचं कुटुंब. क्लोव्हिसलाही तिने तेच सांगितलं. क्लोव्हिस गावातल्या दहा-बारा जणांबरोबर वरच्या गावांकडे निघाला होता, वादळ ओसरलं की लोकांना पाण्यातून काढायला. त्याची कोळंबीची बोट मोठी, गल्लीबोळात शिरणारी नाही. म्हणून तो आईच्या घराखालची छोटी पत्र्याची बोट घेऊन गेला. लिरेट दाराशी आले तेव्हा एल्डा त्यांना म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. क्लोव्हिस येतोय न्यायला."

तिघांना दोन गोष्टी सांगून ती घरात बसली. त्या घरात तिने एवढी वादळं काढली होती, हेही काढू असं तिला वाटलं असणार. मागच्या खेपेला शाळेत उघडलेल्या वादळाच्या शिबिरात राहून आली होती तेव्हा आठवडाभर एकच तक्रार होती, तिथली कॉफी पातळ आहे.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी नोलनची तुकडी आमच्या गावात आली. ही खाडी त्याला अंधारातही वाचता येते म्हणून त्याला पुढच्या बोटीत बसवलं होतं. बरोबर लेफ्टनंट प्रुइट, उत्तरेकडची तरुण बाई, आणि टायरेल नावाचा सैनिक, ज्याला पोहता येत नव्हतं आणि हे तो दर थोड्या वेळाने सगळ्यांना सांगत होता. काम असं होतं की प्रत्येक घरापाशी थांबायचं, हाक मारायची, आत बघायचं, माळाही बघायचा, आणि निघताना दाराशेजारी नारिंगी रंगाने मोठी फुली मारायची. फुलीच्या डाव्या अंगाला तुकडीचा आकडा, खाली आत किती माणसं सापडली तो आकडा. म्हणजे मागून येणाऱ्यांनी तिथे पुन्हा वेळ घालवू नये.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. वादळाला गाव सोडणारा माणूस बोट गाडीमागे बांधून घेऊन जातो, नाहीतर ती वादळात जाते. मागे राहणारा ती पडवीच्या खांबाला बांधतो, पाणी चढलं तर बसता यावं म्हणून. तेव्हा वादळानंतर कुणाच्या घरी माणूस आहे की नाही हे बोटीवरून कळतं. बोट नाही, माणूस नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून बाहेरचा माणूस प्रत्येक घरात शिरला असता.

एल्डाच्या घरापाशी पाणी पडवीच्या फळ्यांना लागलं होतं. घराखाली बोट नव्हती, खांबालाही नव्हती.

"हे घर?" प्रुइटने विचारलं.

"माझ्या मावशीचं आहे, मॅडम. गेलीय ती. बोट नाही."

"आत बघायचं का?"

"बोट नाही म्हणजे माणूस नाही. आमच्याकडे असंच असतं."

तरी त्याने दोनदा हाक मारली. नेनेन. नेनेन. पुढच्या वळणावर एका छपरावरून कुणीतरी चादर हलवत होतं, आणि तिथून मुलाचं रडणं ऐकू येत होतं. नोलन बोटीतूनच वाकला, भिंतीवर फुली मारली, आकडा लिहिला, खाली शून्य काढलं.

"सार्जंट, शून्य अर्धं राहिलं," टायरेल म्हणाला.

"राहू दे. वल्हं मार."

छपरावर बाई होती, तिची तीन मुलं, आणि एक बकरी. सगळ्यांना घेतलं. बकरीला नाही म्हणायची प्रुइटची इच्छा होती, पण धाकटी पोर तिच्या गळ्यातून हात काढेना. टायरेल म्हणाला, "बोट बुडाली तर बकरीला पोहता येतं, मला नाही. याची कुठेतरी नोंद घ्या." त्या दिवशी त्यांच्या बोटीने पुष्कळ माणसं काढली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नोलन स्वतः ते कधी सांगणार नाही.

पाणी उतरल्यावर आमच्या दुकानामागच्या आवारात गार्डने मदतीचं वाटप सुरू केलं. आमचं वाणसामानाचं दुकान चिखलाने भरलेलं होतं. आम्ही नवरा-बायको आतून फावड्याने चिखल काढत होतो आणि मागच्या खिडकीतून आवार दिसत होतं. गाड्यांची रांग लागायची. गाडीतून उतरायचं नाही. डिकी उघडायची, सैनिक त्यात दोन पिशव्या बर्फ, पाण्याच्या बाटल्या, जेवणाची पाकिटं आणि लागेल त्याला निळी ताडपत्री ठेवणार, डिकी आपटून तिच्यावर दोन थापा मारणार, की गाडी पुढे. नोलन बर्फावर होता.

क्लोव्हिस वरच्या गावांतून परतला तेव्हा आधी आईच्या घरापाशी गेला, भिंतीवरचं शून्य बघून बाहेरूनच लिरेटांकडे वळला, मग पुन्हा घरी. नंतर चालत आवारात आला. रांगेला बगल देऊन सरळ नोलनपाशी. टोपी हातात होती.

"ममा घरातच होती," तो म्हणाला. "खाटेवर. कप उशाशी."

नोलनच्या हातात बर्फाच्या पिशव्या होत्या. त्याने समोरच्या डिकीत त्या ठेवल्या, डिकी लावली, दोन थापा मारल्या. मग म्हणाला, "बरं."

क्लोव्हिस टोपी घालून निघून गेला. पुढची गाडी आली. नोलनने पिशव्या उचलल्या.

डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंद पडलं. केव्हा, ते त्या उकाड्यात सांगता येत नाही. वादळाच्या रात्रीच गेली असेल, किंवा नंतर. म्हणजे नोलनने हाक मारली तेव्हा ती आत होती, एवढंच नक्की. कशी होती ते कुणालाच कळणार नाही.

प्रुइटने त्याला मातीला जायला सुट्टी दिली होती. तिने दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "आज गाड्या फार आहेत, मॅडम." आम्ही सगळे कबरस्तानात होतो, तो आवारात बर्फ उचलत होता.

मग क्लोव्हिस रोज रांगेत यायला लागला. त्याची जुनी पांढरी गाडी यायची, डिकी उघडायची, नोलन बर्फ ठेवायचा, थापा मारायचा. आरशात एकमेकांकडे बघत असतील तर देव जाणे. एक शब्द नाही. एकदा टायरेल माझ्याकडे पाणी प्यायला आला तेव्हा मी विचारलं, "तुमचा सार्जंट जेवतो का?"

"जेवतो. ताटात जे पडेल ते. काल मी त्याला मोज्यांचा विनोद सांगितला, तर हसलासुद्धा, बरोबर जिथे हसायचं तिथे. मग मी तोच विनोद पुन्हा सांगितला. पुन्हा हसला. मिस सुधा, तो विनोद एकदाही हसण्यासारखा नाही."

एल्डाच्या घरी शोकाचं जेवण घेऊन गेले तेव्हा मी ती भिंत पाहिली. फुली, आकडा, आणि खाली शून्य, माथ्यावर बोटभर उघडं. गावातल्या प्रत्येक बोटीवर ते शून्य आहे. मला कळलं, म्हणजे सगळ्यांना कळलं असणार. कुणी काही बोललं नाही. क्लोव्हिसने ती भिंत पुसलीही नाही. घरातला गाळ काढला, गाद्या फेकल्या, भिंतीला मात्र हात लावला नाही. मी भाताचं आणि राजम्याचं पातेलं त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "ममा म्हणाली असती, मीठ कमी आहे." मी म्हटलं, "कमीच आहे." त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मी एल्डाचं नाव घेतलं, आणि त्याच्यानंतर नोलनचं.

सप्टेंबर सरता सरता गार्ड उठलं. नोलनने गणवेश उतरवला आणि दुसऱ्या सकाळी दुकान उघडलं. पाण्यात बुडलेली इंजिनं ओळीने मांडलेली होती, काम पुढल्या उन्हाळ्यापर्यंतचं. ते तो करत होता. नंबर घालून दे म्हणून कुणी आलं तर मात्र म्हणायचा, "चिकटवायचे मिळतात आता. ते घ्या."

त्याची बायको डार्लीन आमच्याकडे शेवंतीच्या कुंड्या सांगायला आली. नेहमी बोलघेवडी. त्या दिवशी गल्ल्यापाशी उगाच उभी राहिली.

"मला एकदाच बोलला," ती म्हणाली. "'दाराशेजारचं मी लिहिलं.' भांडी घासत होते मी. वळून बघते तर टीव्हीसमोर जाऊन बसलासुद्धा. टीव्ही बंद."

"क्लोव्हिसशी?"

"त्याच्याशी बोलल्याशिवाय कबरस्तानात पाय ठेवणार नाही म्हणतो. आणि बोलतही नाही. क्लोव्हिसला माहीत नाही असं वाटतं त्याला." तिने नाक पुसलं. "आपलं अक्षर आपल्याला दिसत नाही बहुतेक. रडला असता, भिंतीवर काही फेकलं असतं तरी चाललं असतं मला. इथे म्हणजे मी लाकडाशी संसार करतेय."

"सणाला नाही आला तर?"

"तर थडगं तसंच राहील. कोरं. क्लोव्हिसने सांगून ठेवलंय, पहिला हात नोलनचा, नाहीतर कुणाचाच नाही."

मातीला तो आला नव्हता. आता पहिल्या हातालाही नाही आला, तर एल्डाच्या घरात त्याला पुन्हा पाऊल टाकता येणार नव्हतं. कुणी अडवलं नसतं. त्यालाच टाकता आलं नसतं.

सणाच्या सकाळी मी कुंड्या घेऊन कबरस्तानात गेले. पुराने तिथली काही जुनी थडगी तिरकी झाली होती, कुंपणात अजून गवत अडकलेलं होतं. लोक बादल्या, ब्रश घेऊन आले होते, मुलं धावत होती, कुणाच्या तरी गाडीवर कोळंबीचे वडे तळणं चाललं होतं. एल्डाचं थडगं नव्या सिमेंटचं, राखाडी. शेजारी क्लोव्हिस उलट्या बादलीवर बसला होता. पुढ्यात दुसरी बादली, चुन्याची, आणि तिच्यावर आडवे ठेवलेले दोन कुंचले. आजूबाजूची थडगी पांढरी होत होती. तो बसला होता.

नोलन डार्लीनबरोबर आला आणि फाटकापाशी थांबला. डार्लीन कुंडी घेऊन आत आली. तो आला नाही. हात खिशात घालून उभा राहिला. बराच वेळ गेला. वडे तळून झाले, लोकांनी खाल्ले.

क्लोव्हिस बसल्या जागेवरून म्हणाला, "चुना तळाला बसतोय."

ओरडून नाही म्हणाला, पण नोलनला ऐकू गेलं. तो आला. बादलीच्या पलीकडे उभा राहिला.

"भिंतीवरचं मी लिहिलं," तो म्हणाला.

"हो."

"आत गेलो नाही. बोट नव्हती म्हणून."

"बोट मी नेली होती."

"दोनदा हाक मारली मी."

"तिला ऐकू येत नव्हतं."

"ते मला माहीत होतं, क्लोव्हिस."

क्लोव्हिसने कुंचला उचलला, त्याचे केस बोटांनी सारखे केले. "ती कुठे जायची नाही हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "लिरेटांना एक फोन करायला काय झालं होतं मला. केला नाही. म्हटलं, म्हणतेय तर जाईल." मग म्हणाला, "रोज रांगेत येत होतो. माझ्या फ्रीझरला वीज नव्हती, घर नव्हतं धड. एवढा बर्फ काय करत होतो मी, कधी विचारायचं होतंस."

"काय करत होतास?"

"खाडीत टाकत होतो."

नोलनने मान हलवली. ऐकलं, एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. मग बादलीत बघितलं.

"पाणी जास्त घातलंयस चुन्यात."

"घातलंय," क्लोव्हिस म्हणाला, आणि कुंचला त्याच्या डाव्या हातात दिला.

त्याने समोरच्या बाजूने सुरुवात केली. वरून खाली, सावकाश. चुना पातळ होता, सिमेंट तो शोषून घेत होतं आणि मागे राखाडी तसंच दिसत होतं. कुणी जवळ गेलं नाही. समोरची बाजू झाली, दोन्ही कडा झाल्या, मग तो मागे गेला, जिथे कुंपण आणि थडगं यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावतो.

"मागचं कोण बघतंय," क्लोव्हिस म्हणाला.

मागून कुंचल्याचा आवाज येत राहिला. मी माझी शेवंती पायथ्याशी ठेवली, हात जोडले आणि बाजूला झाले. क्लोव्हिसने दुसरा कुंचला घेतला होता, पण बुडवला नव्हता. तो बादलीवर तसाच बसून होता.

नोलन बाहेर आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत चुना होता, अर्ध्या पाठीलाही. डार्लीनने खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या गालावरचं पुसलं.

"बरं वाटलं का?" तिने हळूच विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. थडग्याकडे बघितलं, मग क्लोव्हिसकडे. "वाळू दे. दुसरा हात लागेल."